नागपूर ते मुक्तिनाथ: चौघांच्या प्रवासखर्चाचं एक प्रकरण

नागपुरातल्या दुचाकीस्वारांना परदेश सहलीचा हिशेब मांडून द्यायचं काम मी आवडीनं करतो. बहुतेक गट एकच प्रश्न घेऊन येतात: सगळ्यात स्वस्त कसं पडेल? या चौघांचा प्रश्नही तोच होता. त्यांचं प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण कागदावर मांडल्यावर त्यांचे बहुतेक पर्याय जवळजवळ एकाच किमतीचे निघाले आणि निर्णय वेगळ्याच गोष्टीवर झाला.

नागपूरला लागून असलेल्या वाडीत स्पेअर पार्ट्सचं दुकान असलेले दोघे भाऊ, एका बँकेत काम करणाऱ्या ताई आणि पॅथॉलॉजी लॅबमधला एक तरुण असे हे चौघं. भावांकडे आणि ताईंकडे प्रत्येकी साडेतीनशे सीसीची गाडी, तरुणाकडे दीडशे सीसीची जुनी. रजा तेरा दिवसांची. राहणं-खाणं सोडून नुसत्या प्रवासावर माणशी वीस हजारांच्या वर जायचं नाही, असं ताईंनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं. देश ठरलेला नव्हता.

देश ठरवताना

धाकट्या भावाच्या डोक्यात व्हिएतनामचे डोंगर होते. तिथे भाड्याच्या गाड्या खरोखर स्वस्त मिळतात, पण परवान्यापाशी गाडी अडते. आपलं आरटीओ जो आंतरराष्ट्रीय परवाना देतं तो १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार असतो, आणि व्हिएतनाम मानतं १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसारचा. भाड्यानं देणारा दुकानदार काही विचारत नाही, किल्ली हातात ठेवतो. घसरून हात मोडला की मात्र प्रवास विम्याची कंपनी पहिला कागद परवान्याचाच मागते. वैध परवान्याशिवाय चालवलेल्या गाडीवरच्या अपघाताचा खर्च विमा देत नाही. परदेशातल्या इस्पितळाचं बिल खिशातून भरायची वेळ येऊ शकते, त्या सहलीला मी स्वस्त म्हणणार नाही.

थायलंडला आपला परवाना चालतो. वर्षभराच्या मुदतीचा हा परवाना आरटीओकडून हजार रुपये फी भरून मिळतो. पण नागपूरहून तिकडे थेट विमान नाही. मुंबई, दिल्ली किंवा कोलकाता गाठून पुढे जायचं म्हटलं की माणशी वीस हजारांतला मोठा वाटा गाडीला किक मारण्याआधीच संपतो.

भूतानचं नाव ताईंनी काढलं होतं. भारतीय पर्यटकाला तिथे रात्रीमागे १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क पडतं. चौघांच्या सात रात्री धरल्या तर ३३,६०० रुपये, आणि त्यात ना खोली ना पेट्रोल. देश सुंदर आहे, शुल्कामागचं कारणही मला पटतं, पण या खिशाला ते झेपणारं नव्हतं.

स्वतःची गाडी जहाजानं पाठवायचा विषय थोरल्यानं काढला. त्यासाठी कार्नेट लागतं. गाडीच्या पासपोर्टसारखं हे पुस्तक भारतात मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन देते आणि ते वर्षभर चालतं. गाडी तिकडेच विकून टाकली तर तिथलं आयात शुल्क बुडेल, म्हणून गाडीच्या किमतीच्या प्रमाणात हमी ठेवावी लागते. वर लाकडी पेटी, बंदराचे खर्च आणि आठवड्यांची वाट. सहा महिने फिरणाऱ्याला हे परवडतं, तेरा दिवसांच्या रजेवाल्याला नाही.

राहिलं नेपाळ. व्हिसा नाही, कार्नेट नाही, आपला नेहमीचा वाहन परवाना चालतो, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट पुरतो. आधार कार्डाच्या भरवशावर मात्र निघू नये. शंभर भारतीय रुपयांचे १६० नेपाळी हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, त्यामुळे हिशेबही सोपा. पोखरामार्गे मुक्तिनाथ आणि परतताना लुंबिनी असं ठरलं. दीक्षाभूमीच्या शहरातून गेलेला माणूस लुंबिनी वगळून परत येत नाही, हे तरुणानं आधीच सांगून ठेवलं होतं.

रक्कम सारखीच, मग फरक कशात?

थोरल्याचं म्हणणं साधं होतं: "गाडी आपली, रस्ता आपला, मंग भाडं काऊन द्याचं?" नागपूरहून सोनौलीची सीमा जबलपूर, कटनी, रीवा, प्रयागराज, गोरखपूर अशी सुमारे हजार किलोमीटर. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही. लिटरला ३३ किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं तर एका बाजूचे ३,२०० रुपये. वाटेत दोन मुक्काम, खोली वाटून घेतली तर माणशी हजार. इथवर थोरल्याचं बरोबर होतं.

मग मी त्याला त्याच्याच दुकानातले भाव विचारले. टायर, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक पॅड, ऑइल यांची किंमत आणि प्रत्येक वस्तू किती किलोमीटर चालते, हे त्यानं तोंडपाठ सांगितलं. बेरीज किलोमीटरला एक रुपयाच्या आसपास आली. म्हणजे हजार किलोमीटरच्या रस्त्याला आणखी हजार रुपये. हा खर्च त्या आठवड्यात खिशातून जात नाही म्हणून सगळे विसरतात, पण दिवाळीनंतरच्या सर्व्हिसिंगला तो हजर असतो. एका बाजूचा खरा खर्च झाला ५,२०० रुपये.

आता रेल्वे. दक्षिणेतून गोरखपूरला जाणाऱ्या गाड्या नागपूरवरून जातात, प्रवास साधारण एक दिवसाचा. थर्ड एसीचं तिकीट १,७०० धरलं. मोटारसायकल पार्सलनं पाठवायला भाडं, पॅकिंग आणि हमाली मिळून चार हजार. एकूण ५,७००. रस्त्यानं आणि रेल्वेनं जाण्यात फरक पडला पाचशे रुपयांचा.

दिल्लीमार्गे काठमांडूला विमानानं जाऊन तिथे गाडी भाड्यानं घेण्याचा पर्याय तेवढा वेगळा पडला. त्यांनी पाहिलेल्या तारखांना विमानाचे दोन्ही बाजूंचे बावीस हजार आणि सात दिवसांच्या भाड्याचे चौदा. तो तिथेच सोडला.

उरलेल्या पर्यायांत फरक शे-पाचशेचा असेल तर पैशांवरून निवडण्यात अर्थ नाही. तेव्हा मी चौघांना दुसरा प्रश्न विचारला: या प्रवासात उशीर झाला तर तो कुठे परवडेल आणि कुठे नाही?

जाताना गाडी रेल्वेनं पाठवली आणि ती दोन दिवस उशिरा पोहोचली, तर गोरखपूरच्या लॉजमध्ये बसून तेरातले दोन दिवस जातात. पार्सलच्या डब्यात जागा मोजकी. त्यातही नागपूर या गाड्यांच्या वाटेवरचं स्टेशन आहे. गाडी काही मिनिटं थांबते आणि तेवढ्यात जागा असेल ते चढतं, बाकीचं पुढच्या गाडीची वाट पाहतं. आपण त्याच गाडीत बसलोय म्हणून मोटारसायकलही आलीच असेल, असं धरून चालता येत नाही.

येताना गोष्ट उलटी होते. गोरखपूरहून बऱ्याच गाड्या सुटतात, त्यामुळे सामान चढवायला वेळ मिळतो. आणि मोटारसायकल नागपूरला चार दिवस उशिरा आली तरी काय बिघडतं? माणूस घरी पोहोचलेला, कामावर रुजू झालेला. अंगाचा विचार केला तरी हेच पटतं. जाताना माणूस ताजा असतो. दहा दिवस गाडीवर काढल्यावर मात्र गोरखपूर ते नागपूर दोन दिवसांत मारायचं म्हणजे सगळ्यात थकलेल्या शरीरानं सगळ्यात लांबचे टप्पे. परतीच्या याच टप्प्यात माणसं झापड येऊन पडतात, आणि मला या घाईची खरोखर भीती वाटते.

ठरलं ते असं: जाताना रस्त्यानं, येताना माणसं आणि गाड्या रेल्वेनं. पाचशे रुपये जास्त देऊन अनिश्चितता आम्ही अशा टोकाला सरकवली, जिथे ती कुणाची सहल खराब करू शकत नव्हती. अशा हिशेबाला बसणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो.

तारखांचा विचार थोडक्यात. भावांना दिवाळी होताच निघायचं होतं. पण दिवाळी ते छठ या काळात उत्तर प्रदेश-बिहारकडच्या गाड्यांमध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि छठनंतर तीच गर्दी परत निघते. त्याच सुमारास नेपाळमध्ये तिहार, म्हणजे तिथली दिवाळी. त्यामुळे नोव्हेंबरचा उत्तरार्ध धरला. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधीच खुलं होतं, त्या दिवशी सकाळीच परतीची तिकिटं काढली.

वडिलांच्या नावावरची गाडी

कागद तपासायला घेतले आणि तरुणाच्या आरसीवर वडिलांचं नाव निघालं. वडील वारून वर्ष होऊन गेलेलं. विमाही त्यांच्याच नावावर, तोच दरवर्षी भरला जात होता. रोज लॅबला त्याच गाडीवर जाणाऱ्या मुलाच्या हे कधी मनात आलं नाही, आणि असं कितीतरी घरांत असतं.

मालक हयात असेल तर सीमेवर अधिकारपत्र देता येतं. इथे ते देणारंच कुणी नव्हतं. मालकाच्या मृत्यूनंतर गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ भरून आरटीओत अर्ज करावा लागतो आणि तो तीन महिन्यांच्या आत करणं अपेक्षित आहे. सोबत मृत्यूचा दाखला, इतर वारसांची संमती, विमा, पीयूसी. त्याची बहीण पुण्यात, तिची सही यायची होती. निघायला तीन आठवडे उरलेले. नाव लागेलही, पण त्यानंतर विमा नावावर होऊन त्यात नेपाळ जोडलं जाईल, याची खात्री कुणी देईना. नाव न बदललेल्या गाडीला अपघात झाला तर विम्याचा दावा अडतो. हे देशातही खरं आहे, परक्या देशात तर निस्तरताही येत नाही.

तो म्हणाला, मी येत नाही. ताई म्हणाल्या, "असं नको करू भाऊ, तुझा वेगळा हिशेब मांडू."

मांडला. रेल्वेनं जाऊन-येऊन ३,४००. गोरखपूर ते सोनौली जीप दोन्ही बाजूंनी ६००. सोनौली-पोखरा बस दोन्ही बाजूंनी १,४००. पोखऱ्यात दीडशे-दोनशे सीसीची गाडी पाच दिवस, दिवसाला १,८०० धरून ९,०००. पेट्रोल १,३०० आणि अन्नपूर्णा क्षेत्राचा परवाना साडेसहाशे. एकूण १६,३५०. गाडी स्वतःची असलेल्या तिघांचं दोन्ही देशांतलं पेट्रोल, मुक्काम, झीज, कागद आणि परतीची रेल्वे मिळून माणशी १६,८०० च्या घरात. भाड्यानं घेणारा साडेचारशेनं स्वस्त पडला, आणि थोरल्यानं ती बेरीज दोनदा करून पाहिली.

याचा अर्थ स्वतःची गाडी नेऊ नये असा नाही. तिघांना त्याच रकमेत दहा दिवस गाडी चालवायला मिळाली, तरुणाला पाच. चालवलेल्या दिवसाला भागलं तर तिघांचा दिवस १,७०० रुपयांना आणि त्याचा जवळपास ३,३०० ला पडला. ज्याला सोहागीचा घाट, प्रयागराजचा पूल आणि बुटवलची चढण स्वतः चालवायची आहे, त्यानं गाडी न्यावी. ज्याला फक्त काली गंडकीचं खोरं बघायचंय, त्यानं पोखऱ्यात भाड्यानं घ्यावी आणि पैसे वाया गेले असं मानू नये. गाडी घेताना दुकानदार तारण म्हणून पासपोर्ट मागतात. तो देऊ नये, रोख अनामत ठेवून पावती घ्यावी आणि आधीचे ओरखडे फोनवर टिपून ठेवावेत.

विमा आणि भन्सार

आपल्या नेहमीच्या वाहन विम्याची हद्द भारतापुरतीच असते. ती वाढवता येते, हे मात्र कित्येकांना माहीत नसतं. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान या देशांपर्यंत पॉलिसीचं भौगोलिक क्षेत्र वाढवून मिळतं आणि जादा हप्ता अगदी किरकोळ असतो. ऑनलाइन पॉलिसीत हा पर्याय बहुधा दिसत नाही. ताईंनी शाखेत लेखी अर्ज दिला, आरसीची प्रत जोडली आणि पॉलिसीवर नेपाळचं नाव छापून घेतलं. भावांनी त्यांच्या मागोमाग केलं. या सगळ्या खटाटोपात मी ज्या कामाला सगळ्यात वर ठेवीन ते हेच.

सोनौली ओलांडली की पलीकडे बेलहियाला नेपाळचं भन्सार कार्यालय, म्हणजे कस्टम. मूळ आरसी, परवाना आणि ओळखपत्र दाखवून किती दिवस राहणार ते लिहायचं आणि दिवसागणिक शुल्क भरायचं. फोनमधला डिजिलॉकर तिथे धरू नये, कार्ड हातात हवं. सीमा ओलांडल्याचा दिवसही मोजला जातो. नेपाळमध्ये नऊ दिवसांचा बेत होता, तिघांनी अकरा दिवसांचे पैसे भरले. दरड कोसळून रस्ता बंद झाला तर मुदत संपलेली गाडी दंडाला पात्र होते, आणि दोन दिवसांचं जादा शुल्क त्या दंडापुढे काहीच नाही. भारतीय गाडीला वर्षात एकूण तीस दिवसांचीच मुभा असते, हेही ध्यानात ठेवावं. कार्यालयाबाहेर दलाल घेराव घालतात. आत खिडकीवर स्वतः गेलं की काम होतं, फक्त रांगेत तासभर द्यावा लागतो.

पैशांचं सांगायचं तर २०२४ पासून नेपाळच्या दुकानांत तिथल्या फोनपे (Fonepay, आपलं PhonePe नव्हे) या कंपनीच्या क्यूआरवर आपलं यूपीआय चालतं, पण मुक्तिनाथच्या वाटेवरच्या बेनी गावाच्या वर रोखच बरी. भारतीय नोटा शंभरपर्यंतच्या ठेवल्या की कुणी कटकट करत नाही.

प्रत्यक्षात

पहिला मुक्काम मैहर, दुसरा गोरखपूर. दुसऱ्या दिवशी पहाटे निघूनही पोहोचायला रात्र झाली. पुढच्या गटाला मी हा टप्पा तीन दिवसांत विभागायला सांगेन. तरुण आदल्या रात्री रेल्वेनं निघाला होता, तो तिघांच्या आधीच गोरखपूरला पोहोचला. सगळ्यांच्या जड बॅगा त्याच्याकडे दिल्या होत्या. त्यामुळे तिघांच्या गाड्यांवर मागे फक्त रेनकोट आणि हत्यारांची पिशवी राहिली. हे ठरवून केलं नव्हतं, पण इतकं सोयीचं पडलं की आता मी मुद्दाम सुचवतो: गटातला एक जण रेल्वेनं जाणार असेल तर सामान त्याच्याबरोबर द्यावं आणि हमालीचे पैसे सगळ्यांनी वाटून घ्यावेत.

पोखऱ्याला एक दिवस परवान्यासाठी ठेवला होता. सार्क देशांच्या नागरिकांना अन्नपूर्णा क्षेत्राचे हजार नेपाळी रुपये पडतात. नेपाळमध्ये साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, म्हणून तो दिवस शनिवारी येणार नाही असं आधीच बघितलं होतं. वर काली गंडकीच्या खोऱ्यात दुपारकडे वारा असा सुटतो की गाडी तिरकी धरून चालवावी लागते. त्यामुळे रोजचं अंतर सकाळीच संपवायचं ठरलं होतं. मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या वर आहे. तिथे मुक्काम न करता खालच्या मार्फा गावात झोपून सकाळी वर जायचं आणि दुपारच्या आत खाली यायचं, हेही पाळलं. कुणाचं डोकं दुखलं नाही.

परतीला गोरखपूरच्या पार्सल कार्यालयाशी अर्धा दिवस गेला. टाकी पूर्ण रिकामी लागते. आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती लागतात, गाडीची किंमत जाहीर करावी लागते. थोरल्यानं आरसे आधीच काढून पिशवीत भरले आणि हँडलचं लॉक उघडं ठेवलं. लॉक लावलेली गाडी हमालांना वळवता येत नाही, मग ते ती उचलून आपटतात. पॅकिंगवाल्यानं टाकी आणि दिव्यांभोवती गवत आणि पोतं शिवलं आणि त्याच्याकडून त्यावर रंगानं 'नागपूर' आणि बिल्टीचा, म्हणजे पार्सलच्या पावतीचा, नंबर मोठ्या अक्षरांत लिहून घेतला, दोन्ही बाजूंनी. एकाच बाजूला लिहिलं आणि ती भिंतीकडे गेली तर मधल्या स्टेशनवर गाडी उतरायची राहू शकते. बिल्टीचा फोटो चौघांच्या फोनमध्ये.

दोन गाड्या नागपूरला तिसऱ्या दिवशी आल्या, ताईंची पाचव्या दिवशी. ताई तोवर बँकेत रुजू झाल्या होत्या. आल्याचं कळल्यावर मात्र त्या त्याच संध्याकाळी स्टेशनवर गेल्या, कारण मोफत वेळ संपला की पार्सल कार्यालय तासागणिक व्हार्फेज, म्हणजे सामान पडून राहिल्याचा आकार, लावतं. धाकटा बाटलीत लिटरभर पेट्रोल आणि आरसे बसवायला पाना घेऊन सोबत होता.

तरुणानं परतल्यावर त्याच आठवड्यात बहिणीची सही मागवली आणि फॉर्म ३१ भरला. गाडी आता त्याच्या नावावर आहे. पुढच्या वर्षी भूतानसाठी पैसे साठवायचं चौघांचं चाललंय, आणि रात्रीचे १,२०० रुपये धरून किती रात्री परवडतील ते काढायला ताई परवा कागद घेऊन येणार आहेत.